भरपाई घ्यायची आणि तिथेच पुन्हा केळी लावायची, हे किती वर्षं?

पारोळ्याचा कोरडवाहू
गेल्या जूनमध्ये जळगाव जिल्ह्यात, मामाच्या यावलच्या केळीबागेत होतो. वारं फार तर वीस मिनिटं चाललं असेल. निम्मी केळी कमरेएवढ्या उंचीवर मोडून आडवी. घड हिरवेगार, आठवडाभरात कापायचे होते. व्यापारी बांधावरूनच बघून गेला, गाडीतून उतरलाही नाही. पंचनामा झाला, थोडीफार मदत आली, आणि त्याच वावरात, त्याच पाच बाय पाच फुटांवर, मामाने पुन्हा केळीच लावली.

कडू लागेल, पण लिहितो. 'बदलत्या हवामानाशी जुळवून घ्या' म्हणून जो पैसा येतो, तो जुनीच शेती आहे तशी उभी करण्यात जातो. ठिबक घ्या, शेततळं घ्या, विमा घ्या, पीक मात्र तेच. रावेर-यावलचे बोअर किती खोल गेलेत ते तिथल्या लोकांना विचारा. आमच्याकडे आजोबा दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरायचे. काळ्या जमिनीच्या ओलीवर यायची, वरून एक पाणी लागत नसे. घरात भाकरी, गोठ्यात कडबा. आज तिला कोण विचारतं? मदत द्यायची तर पीक बदलणाऱ्याला द्या. पहिल्या तीन वर्षांची तूट भरून द्या.

तापीथडी (रावेर)
दादा, तुम्ही मामाची बाग पाहिली, मामाची वही नाही पाहिली. सोसायटीचं कर्ज केळीवर फिटतं, पोरीची फी केळीवर भरली जाते. दादरीवर भाकरी निघेल, हप्ता निघणार नाही. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय भिंतीवर लावायला?

दोष केळीचा कमी, महिन्याचा जास्त. मृगबाग जून-जुलैत लावली की पुढच्या मे-जूनला घड भरलेला असतो आणि नेमकं तेव्हाच वारं सुटतं. कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरची. ती वाऱ्यातून बरीचशी वाचते, पण कोवळेपणीच थंडी लागते आणि चरका पडतो. म्हणून आम्ही दोन्ही थोडी थोडी लावतो. पश्चिमेच्या बांधाला मी शेवरी आणि गजराज गवत दाट लावलंय. मागच्या वाऱ्यात पहिल्या चार ओळी गेल्या, मागची बाग उभी राहिली. हे जुळवून घेणं नाही तर काय?

मला राग आहे तो विम्याच्या मोजमापाचा. थंडीसाठी नियम असा, की किमान तापमान सलग 3 दिवस 8 अंश किंवा त्याखाली हवं. मोजायचं महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. एका जानेवारीत दोन रात्री 8 च्या खाली, तिसऱ्या रात्री केंद्रावर 8.4. केळीला चरका बसला, विम्याला नाही बसला.

चोपड्याचा कृषी पदवीधर
तापीथडींचं 8.4 पटतं. नदीकाठचं वावर आणि गावातलं केंद्र यांत एखाद-दोन अंश सहज पडतात. केंद्रं वाढवा, हीच खरी मागणी.

कोरडवाहूभाऊ, पीक बदला म्हणून लोक बदलत नाहीत. गुलाबी बोंडअळीची साखळी तोडायला 1 जूनआधी कापूस लावू नका असं सरकार सांगतं. मग पाणीवाले काय करतात? गुजरात-मध्य प्रदेशातून बियाण्याची पाकिटं आणतात आणि मेमध्येच लावतात. अनुदान दिलंत तर दादर कागदावर पेरली जाईल.

साक्रीचा वाडा
दोघंही बागेतच अडकलात. भाऊ, तुमना बागना वारा समदासले दिखस, आमना चारा कोनले दिखस?

आम्ही ठेलारी, मेंढपाळ. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढ्या आणि बिऱ्हाड, घेऊन निघतो, लोकांच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवत पावसाळ्याला परत येतो. अवकाळी पाऊस आला की आम्ही उघड्यावर. डिसेंबर 2021 ला पुणे-नगरकडे एका रात्रीच्या पावसात आणि थंडीत मेंढ्या शेकड्यांनी मेल्या. 2022 च्या सरकारी नियमांत अशा वेळी एका मेंढीला 4,000 रुपये ठरले, आणि तेही एका कुटुंबाला 30 मेंढ्यांपर्यंतच. ज्याच्या पन्नास मेल्या त्याने वीस कुठे लिहायच्या? त्यात पंचनामा. मेंढी मेली दुसऱ्या जिल्ह्यात, रेशनकार्ड साक्रीचं. तिथला तलाठी म्हणतो तुमच्या गावी जा, गावचा म्हणतो मेंढी दाखवा. मेलेली मेंढी दोनशे किलोमीटर कोण वाहून आणतं?

जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 ला 'पोकरा' हा शेतीचा सरकारी प्रकल्प सुरू झाला, खास हवामानासाठी. पहिल्या टप्प्यात जळगाव होतं, आमचा धुळे जिल्हा नव्हता. आम्हाला शेततळं नकोच. वाटेवर कुठे तरी पत्र्याचं छप्पर, लसीचा डॉक्टर आणि जिथे मेंढी मरेल तिथेच पंचनामा, एवढं द्या.

याच तालुक्यात बारीपाडा आहे. तिथल्या लोकांनी जंगल राखलं, पाणी आलं, आणि चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री मिळाली. चांगलं झालं, अभिमान आहे. पण राखलेल्या रानात चराईला बंदी असते. बारीपाड्याचा दाखला देणारे हे कधी बोलत नाहीत.

तापीथडी (रावेर)
चराईचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, कबूल. पण चराईबंदी नसती तर ते जंगल आज दिसलं असतं का, हेही सांगा.

साक्रीचा वाडा
दोन-तीन वर्षं रान बंद ठेवा, मग पाळीने उघडा. कायमचं कुलूप लावून रान राखणं सोपं आहे. कुलूप बाहेरच्या माणसाला लागतं, आणि बाहेरचे नेहमी आम्हीच.

पारोळ्याचा कोरडवाहू
पदवीधर, कागदावरच्या पेरणीचं खरं आहे. म्हणून अनुदान पेऱ्यावर नको, कडब्यावर द्या. कडब्याची पेंढी कागदावर बांधता येत नाही, मोजून घेता येते. आमच्याकडे मका-कापूस वाढला आणि कडबा संपला. भाव ऐकून मी मागच्या साली एक बैल विकला.

वाडेवाले भाऊ, यंदा दोन एकर दादर पेरतोय. मार्चात निघेल. तेव्हा मेंढ्या बसवता का? रातीचं काय घेता?

साक्रीचा वाडा
पैसे नको. दादरीचं पोतं द्या. मार्चात आम्ही तुमच्या तालुक्याच्या आसपासच असतो.

तापीथडी (रावेर)
तिथून वर रावेराकडे वळलात तर या, केळीचा पाला हवा तेवढा न्या. फक्त माझ्या शेवरीला तोंड लावू देऊ नका.