शुक्रवार संध्याकाळ ते रविवार : आपल्या तरुण मंडळींचे अनुभव

देशात आता ज्यू माणसं जेमतेम चार-पाच हजार, त्यातली बहुतेक मुंबई-ठाण्याकडची बेने इस्राएली, म्हणजे आपण मराठी बोलणारे ज्यू. आपल्या वयाची माणसं भेटायची म्हणजे सिनेगॉग (आपलं प्रार्थनास्थळ), नाहीतर असा एखादा मेळावा. गेला असाल तर लिहा. खाण्याबद्दल सविस्तर लिहा.

ठाणे
टेंभी नाक्याच्या शाआर हाशामाइम सिनेगॉगमध्ये शुक्रवारची प्रार्थना झाली, किद्दुशला (पेयावर म्हणायच्या आशीर्वादाला) काळ्या मनुकांचं सरबत झालं, की आम्ही तरुण मागे थांबतो. पहिल्यांदा आजीनेच पाठवलं, "जा गं, आपल्यातली मुलं येतात." हेतू उघड होता. पण पेणकर, रोहेकर, दिवेकर... आडनावावरून गाव कळतं आणि गाव कळलं की नातं निघतं. एकाशी छान गप्पा रंगल्या होत्या, तो आईच्या मावसभावाचा मुलगा निघाला. आजी अजून आशा धरून आहे.

अंधेरी
माझं ऑफिस शनिवारी चालू. मी थेट हावदालाला, म्हणजे शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्रीचा विश्रांतीचा दिवस) संपतानाच्या विधीला, वेलची-लवंगांचा वास घ्यायला पोचतो. नंतर पत्ते.

पनवेल
आमची रविवारची अलिबाग सहल. नवगावला, जिथे पूर्वजांचं जहाज फुटून सात जोडपी वाचली असं मानतात, तिथल्या दफनभूमीत आधी जायचं. मग अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग. शेवटी अलिबागजवळच्या खंडाळ्याला, प्रेषित एलियाहू हानाबींच्या टप्प्यावर. खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा दाखवतात. माझा विश्वास आहे-नाही, पण तिथला मलिदा (प्रार्थनेनंतरचा गोड प्रसाद) सोडत नाही. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं. पोहे कोण भिजवणार यावर दरवेळी वाद, कारण मुलगे आयते येतात. (मुलग्यांनो, वाचताय ना?) दुपारी नारळाच्या दुधातलं चिकन. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, त्यामुळे आपला सगळा भरवसा नारळावर.

अश्दोद, इस्राएल
इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी कामावर. शब्बाथला बस जवळपास बंदच, म्हणून शुक्रवारी ज्याच्या घरी जेवायचं तिथेच गादी टाकायची. शनिवारी क्रिकेट. धार्मिक घरातली मुलं येत नाहीत, मग अकरा जमवताना दमछाक. आमच्या पिढीची मराठी पदार्थांची नावं आणि शिव्या एवढ्यावर आलीय. झेल सुटला की ती अस्खलित होते.

मुंबई
थोडं कडू लिहिते. वडील बेने इस्राएली, आई हिंदू. एका मेळाव्यात नाव विचारायच्या आधी एका बाईंनी "आई कोणाची?" विचारलं. धर्मशास्त्रात ज्यूपण आईकडून येतं, हे मला माहीत आहे. पण समाज एवढासा उरलेला असताना दारातच चाळणी लावायची? मी वर्षभर गेले नाही. मग तिथल्याच दोघी मैत्रिणी रविवारी आमच्याकडे यायला लागल्या. आता आणखी काही जण येतात. आई त्यांना पुरणपोळ्या करून घालते, नारळाच्या दुधाबरोबर. येताना डबा आणा, उरलेल्या बांधून मिळतील.