गोल्फमध्ये चिप (जवळून होलकडे मारायचा छोटा शॉट) मारताना कधी क्लब जमिनीत रुततो, कधी बॉल ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) ओलांडून पलीकडे. चुकतंय कुठे?

चोविसावाला
नमस्कार मंडळी. हँडिकॅप २४ (आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा), उजव्या हाताने खेळतो. ग्रीनच्या कडेपासून दोन-चार पावलांवरचे सगळे शॉट ५६ अंशांच्या सँड वेजने (बॉल उंच उचलणाऱ्या, तिरप्या तोंडाच्या क्लबने) मारतो. निम्मे फॅट लागतात (क्लब बॉलआधी जमिनीला लागतो), बॉल जेमतेम दोन फूट सरकतो. ते टाळायला गेलो की थिन लागून (क्लबची कड बॉलच्या मधोमध बसून) बॉल ग्रीनच्या पार पलीकडे. पावसाने सध्या टर्फ मऊ आहे. स्टान्स बदलू, क्लब बदलू की दोन्ही?

फ्रिंजवरून
फॅट आणि थिन हे दोन आजार नाहीत, एकच आहे. झोक्याचा सर्वांत खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतोय. जमीन मऊ असली की क्लब तिथेच रुततो. कडक असली, किंवा तुम्ही ऐन वेळी हात आखडले, की लीडिंग एज (क्लबच्या तोंडाची खालची कड) वर येता येता बॉलच्या पोटावर बसते. बहुतेकांच्या बाबतीत याचं मूळ बॉल उचलून द्यायच्या धडपडीत असतं. मनगट वाकतं, वजन उजव्या पायावर जातं. उचलायचं काम लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा) करतो, तुम्ही फक्त खाली गवत घासायचं.

पाय जवळ, मध्ये एक क्लबहेड मावेल इतकेच. डावं पाऊल थोडं बाहेर वळवा. ६० ते ६५ टक्के वजन डाव्या पायावर, आणि शॉट संपेपर्यंत तिथेच. बॉल स्टान्सच्या मधोमध किंवा एक बॉलभर मागे. पाय एवढे जवळ असताना बॉल उजव्या अंगठ्यासमोर ठेवला तर तो फार मागे गेला, हे लक्षात येत नाही. ग्रिप दोन-तीन सेंटिमीटर खाली धरा, हात डाव्या मांडीच्या आतल्या बाजूसमोर. झोका खांद्यांनी, छाती टार्गेटकडे वळत राहायला हवी. छाती थांबली की मनगटं पुढे धावतात आणि पुन्हा तेच.

तपासणी सोपी आहे: शॉट संपल्यावर तसंच थांबून उजवी टाच उचला. तोल गेला तर वजन मागेच होतं.

सरावाला गवतावर पावडरची एक आडवी रेघ ओढा आणि बॉल न ठेवता वीस झोके घ्या. गवत रेघेवर किंवा रेघेच्या पुढे घासलं गेलं पाहिजे. रेघेला रांगोळी नको. बाजारातली रांगोळी दगडाची भुकटी असते, क्लबच्या सोलवर (तळावर) ओरखडे उठतात. साधी टाल्कम पावडर चालते.

बाराचा_पाढा
वरचं सगळं मान्य, पण आधी ती ५६ अंशांची वेज बॅगेत ठेवा. दोन पावलांवरून एवढ्या लॉफ्टची गरजच काय? लॉफ्ट जितका जास्त तितका झोका मोठा, आणि चुकीला जागा तितकी जास्त.

ग्रीनच्या एक पाऊल आत, सपाट जागी बॉल कुठे टेकवायचा ते आधी ठरवा. बॉलपासून तिथपर्यंतची पावलं मोजा, मग तिथून होलपर्यंतची. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा आणि जे येईल ते १२ मधून वजा करा. समजा बॉल तीन पावलं हवेत जाणार आणि टेकल्यावर बारा पावलं घरंगळायचा आहे. १२ भागिले ३ म्हणजे ४, म्हणून ८ नंबरचं आयर्न (आयर्नचा नंबर जितका मोठा तितका लॉफ्ट जास्त). घरंगळायची पावलं नऊ असतील तर ९ नंबर, सहा असतील तर पिचिंग वेज (ती १० नंबरची धरायची). हा हिशेब सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनचा. चढावर एक नंबर कमी लॉफ्टचा क्लब, उतारावर एक जास्त. पावसात ग्रीन सुस्त असतात, तेव्हाही कमी लॉफ्टकडेच झुका.

सँड वेज राखून ठेवा बंकरवरून (वाळूच्या खड्ड्यावरून) किंवा लांब रफमधून उचलायच्या शॉटसाठी, म्हणजे जिथे ग्रीनवर जागाच नाही तिथे.

सोलखालचं_गवत
एक दुरुस्ती. हात डाव्या मांडीसमोर नेले की शाफ्ट (क्लबचा दांडा) पुढे झुकतो. ते बरं, पण मऊ टर्फवर तेच जास्त झालं की घात करतं. सँड वेजला साधारण १० ते १४ अंश बाउन्स (क्लबला रुतू न देणारा तळाचा उतार) असतो. शाफ्ट एक अंश पुढे झुकवला की सुमारे एक अंश बाउन्स जातो. १२ ची वेज १० अंश झुकवलीत तर उरले २, म्हणजे फावडंच. फॅटचं हेही कारण असू शकतं. मऊ जमिनीवर शाफ्ट जवळपास सरळ ठेवा, सोल गवतावरून सरकू द्या.

आणि ग्रेन (गवत कुठल्या बाजूला झुकलंय ते) बघा. आपल्याकडे बर्म्युडा गवत बऱ्याच ठिकाणी असतं. बॉलमागून होलकडे बघताना गवत चमकत असेल तर ते होलकडे झुकलंय, क्लब सहज सरकतो. काळपट दिसलं तर तुमच्याकडे झुकलंय, लीडिंग एज अडकते.

चोविसावाला
आभार. ग्रेन उलटा आणि लाय (बॉलखालची जागा) अगदी घट्ट असेल तर? ८ नंबरचं आयर्नही अडकतं.

सोलखालचं_गवत
तिथे पॉल रन्यनची पद्धत वापरा. १९३४ आणि १९३८ ची पीजीए चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा जिंकलेला हा खेळाडू अंगाने लहानखुरा, टीवरून (पहिल्या शॉटच्या जागेवरून) फार लांब मारणारा नव्हता. १९३८ च्या फायनलमध्ये त्याने सॅम स्नीडला ८ आणि ७ ने (सात होल उरले असताना आठ होलांच्या आघाडीने) हरवलं ते शॉर्ट गेमच्या जोरावर. बॉलच्या जवळ उभे राहा, शाफ्ट पटरसारखा (ग्रीनवर बॉल घरंगळवायच्या क्लबसारखा) उभा करा, क्लबची टाच (दांड्याकडची बाजू) जमिनीपासून उचललेली, फक्त टोक टेकलेलं. ग्रिप पटरची, झोका पटचा, मनगटं बंद. गवताला फक्त टोक लागत असल्याने अडकायला फारसं काही उरत नाही. टोकावर लागल्यामुळे बॉल जरा मंद निघतो, म्हणून झोका किंचित मोठा घ्या.