मदत हवी आहे: ई-साहित्य तपासणाऱ्या शिक्षकांच्या गटाची पहिली ओळख कशी घडवावी?

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वर्ग चौथी-पाचवी. आमच्याकडे ई-साहित्य तपासणाऱ्या शिक्षकांचा नवा गट तयार होतोय. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवर व्हिडिओ, स्वाध्याय उघडतात ना, त्या धर्तीचं साहित्य शिक्षक बनवून पाठवणार आणि मुलांपर्यंत जाण्याआधी ते या गटाने बघायचं. गुण द्यायचे, शेरे लिहायचे, दुरुस्त्या सुचवायच्या. त्यासाठीचं प्रशिक्षण बहुतेक ऑनलाइन आहे. पहिलं सत्र परिचयाचं, आणि ते घ्यायला सुलभक म्हणून माझं नाव आलंय.

परिचयात काय एवढं अवघड, असं वाटेल. पण आपल्याकडचे परिचय कसे होतात ते तुम्हाला माहीत आहेच. नाव, शाळा, तालुका, शिक्षण, सेवेची वर्षं, मिळालेले पुरस्कार, मग टाळ्या. शेवटी एवढंच कळतं की कोण कुणाला ज्येष्ठ. एकदा ते कळलं की पुढचं सगळं त्याच उतरंडीवर चालतं. ज्येष्ठ सरांनी ५ पैकी ४ दिले की सगळ्यांचे ४.

आधीच्या एका गटातलं उदाहरण देते. अपूर्णांकाचा व्हिडिओ होता. पोळीचे तीन उभे काप देऊन चार तुकडे केलेले, कडेचे दोन पिटुकले, मधले दोन चांगले रुंद. निवेदक कडेचा तुकडा उचलून म्हणतो, "हा झाला एक चतुर्थांश." अहो, समान भाग हाच तर धड्याचा जीव! पण शेरे काय आले, तर "चित्रं सुरेख, आवाज स्पष्ट, शुभेच्छा." चहाच्या वेळी द्विशिक्षकी शाळेवरचा एक तरुण शिक्षक मला म्हणाला, "ताई, ते तुकडे सारखे नव्हते." मग बोलला का नाहीस? तर, "समोर साहेब होते ना."

तर प्रश्न असा: ओळख अशी कशी करून द्यावी की हीच माणसं पुढे एकमेकांना "मला हे पटत नाही" म्हणू शकतील? कुणी असे गट चालवले असतील तर सांगा. चेंडू टाकून नाव सांगायचे खेळ कृपया सुचवू नका. पन्नाशीतल्या मंडळींना ते रुचत नाहीत, आणि ऑनलाइन चेंडू टाकायचा तरी कुठे?

प्रतिसाद: फळापुसणी

पदनाम आणि सेवेची वर्षं विचारूच नका. फार तर यादी आधी ग्रुपवर टाकून द्या, म्हणजे कुणाला डावलल्यासारखं वाटणार नाही. सत्रात दोनच गोष्टी विचारा. तुमच्या वर्गात व्हिडिओ कशावर दिसतो? आणि तुमची मुलं घरी काय बोलतात?

पहिल्या प्रश्नाला कुणी म्हणेल स्मार्ट टीव्ही, कुणी प्रोजेक्टर आहे पण लाइट नसते, कुणी माझाच मोबाइल, तो बाकावरून बाकावर फिरतो. अशा शिक्षकाला बारीक अक्षरातल्या स्लाइड का चालत नाहीत हे वेगळं समजवावं लागत नाही. दुसऱ्या प्रश्नाने तर चित्रच बदलतं. अहिराणी, पावरी, कोरकू, गोंडी. मेळघाटात पहिलीला शिकवणाऱ्या बाईंना पुस्तकी मराठीतलं भरधाव निवेदन ऐकून जे लगेच जाणवतं, ते पीएच्‌डी झालेल्या सरांना जाणवेलच असं नाही. आमच्या गटात यानंतर लोक आपणहून म्हणायला लागले, "हे जरा मॅडमना ऐकवा, त्यांच्या मुलांना कळेल का बघू."

प्रतिसाद: त्रिज्या

फळापुसणी यांच्याशी सहमत, पण नुसत्या गप्पांवर थांबू नका. ओळख कामातूनच होऊ द्या.

अमेरिकेत 'मर्लॉट' नावाचा ऑनलाइन शिक्षणसाहित्याचा संग्रह आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने १९९७ साली सुरू केला. तिथले प्राध्यापक साहित्य तीन अंगांनी तपासतात: आशयाचा दर्जा, शिकवण्याचं साधन म्हणून उपयोग, आणि वापरायला सोपं आहे की नाही. आपल्या कामाचा भाग पुढे आहे. दोन परीक्षक आधी आपापलं परीक्षण स्वतंत्र लिहितात, मग दोन्ही एकत्र करून एक अहवाल होतो. म्हणजे दुसऱ्याचं मत कळण्याआधी तुमचं मत कागदावर आलेलं असतं.

तुम्हीही तेच करा. सत्राच्या आदल्या दिवशी चार-पाच मिनिटांचा एक व्हिडिओ पाठवा, सोबत गूगल फॉर्म. प्रत्येकाने एकट्याने गुण द्यायचे आणि एक ठोस त्रुटी लिहायची, "छान आहे" चालणार नाही. सत्रात गुणांचा आलेख नावांशिवाय दाखवा. एकाच व्हिडिओला कुणी २, कुणी ५ दिलेत हे दिसलं की "असं का?" हा प्रश्न आपोआप येतो. मग दोन-दोनच्या जोड्या करून बोलायला सोडा. जोड्या तालुक्याबाहेरच्या हव्यात.

नमुना मात्र नीट निवडा. उघड चूक असलेला नको, त्यावर सगळ्यांचं लगेच एकमत होतं. महाराष्ट्राच्या नकाशाचा एखादा जुना व्हिडिओ घ्या, ज्यात ३५ जिल्हे आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि ३६ झाले. शिवाय छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं त्यात नसणार. आता हा व्हिडिओ चुकीचा म्हणायचा की जुना? बाद करायचा की पाटी जोडून ठेवायचा? बाकी सगळं उत्तम असेल तर आशयाला किती गुण? बघा कशी चर्चा होते ते.

प्रतिसाद: काठावरपास

एवढा विचार कशाला करताय ताई. प्रशिक्षण म्हणजे उपस्थितीची लिंक भरायची, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा आणि कॅमेरा बंद करून भाजी निवडायची. :)

तरी विचारलंच आहे तर सांगतो. २०१९ साली दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' अशा संख्यावाचनावरून गदारोळ झाला होता, त्यावर प्रत्येकाचं मत विचारा. मुकी मंडळीसुद्धा बोलतील.

धागाकर्ती

काठावरपास, बोलतील हो, पण मग थांबवणार कोण? सत्र दीड तासाचं आहे!

त्रिज्या, एकट्याने आधी लिहिण्याची कल्पना फार आवडली. माझी खरी अडचण तीच होती, लोक मत बनवण्याआधी ज्येष्ठांच्या तोंडाकडे बघतात. फळापुसणींचे दोन प्रश्नही घेतेच. पण एक पेच उरतोच. सत्राला विस्तार अधिकारी साहेब पूर्ण वेळ हजर राहणार आहेत. स्वभावाने चांगले आहेत, पण बोलायला उत्साही. ते सुरुवातीलाच "मला हा व्हिडिओ उत्कृष्ट वाटला" म्हणाले की आलेख काय कामाचा?

प्रतिसाद: कमलपत्र

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगते. साहेबांना आदल्या दिवशी फोन करा. ग्रुपवर लिहू नका, फोनच करा. म्हणा, "सर, सगळ्यांचं ऐकून तुम्ही शेवटी समारोप कराल का?" समारोप म्हटलं की मान राहतो आणि माणूस तासभर ऐकत बसतो. जमलं तर फॉर्मही भरायला सांगा, त्यांचे गुणही बिननावाचे इतरांत मिसळू देत. त्यांनी ३ दिलेत आणि एका नवख्या शिक्षिकेनेही ३ दिलेत, हे त्यांनाच नंतर गमतीचं वाटेल.

दुसरं, साहित्य बनवणाऱ्याचं नाव परीक्षकांना दिसू देऊ नका. जिल्हा केवढा, त्यात निम्मे लोक एकमेकांचे व्याही. वर्गमित्राच्या व्हिडिओला कोण २ देणार?

प्रतिसाद: त्रिज्या

कमलपत्र यांचा शेवटचा मुद्दा अगदी खरा. पण आवाज ओळखू येतो हो, तालुक्यात तर पहिल्या वाक्याला. म्हणून साहित्य दुसऱ्या तालुक्यातल्या जोडीकडे जाईल असं वाटप करा.

परवान्यांबद्दलही पहिल्याच सत्रात बोलून घ्या. "हे चित्र कुठून घेतलंत?" हा प्रश्न नंतर विचारला की आरोपासारखा लागतो. आधीच ठरलेला असला की सगळ्यांनाच विचारला जातो. गूगलवर मिळालं म्हणजे मोफत झालं असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यातसुद्धा प्रकार आहेत. 'बीवाय' असेल तर श्रेय देऊन वापरा आणि बदला. 'एनडी' असेल तर बदललेली आवृत्ती प्रसारित करता येत नाही, म्हणजे मराठी भाषांतर करून टाकणंही गेलं. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नाही. हे तीन समजले तरी निम्मे वाद मिटतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. साहेबांशी फोनवर बोलले, समारोपाला आनंदाने तयार झाले. "फॉर्म मला पण पाठवा" असं स्वतःच म्हणाले, मला सुचवायचीही वेळ आली नाही.

आता ठरलंय ते असं: आधी फॉर्म, सत्रात मोबाइल-टीव्ही आणि घरच्या बोलीचे दोन प्रश्न, मग बिननावाचा आलेख, मग तालुक्याबाहेरच्या जोड्या. परवान्यांना शेवटची दहा मिनिटं.

नमुना व्हिडिओ तेवढा अजून मिळालेला नाही. ३५ जिल्ह्यांच्या काळातला, पाच मिनिटांच्या आतला, मराठी निवेदन असलेला भूगोलाचा व्हिडिओ कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. परवाना काय आहे तेही कळवा, नाहीतर त्रिज्या मलाच विचारतील.