मदत हवी आहे: सुपरनोव्हा अवशेषाच्या गॅमा डेटात बॅकग्राउंड कुठून घ्यायचं?

नमस्कार मंडळी, गॅमा किरणांवर काम केलेलं कोणी आहे का इथे? हेस (नामिबियातल्या गॅमा किरण दुर्बिणी) यांचा २०१८ ला खुला केलेला डेटा घेऊन बसलोय, त्यातला आरएक्स जे१७१३.७-३९४६ हा अवशेष, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचं उरलेलं पसरतं कवच. गॅमापाय (अशा डेटासाठीचं पायथन सॉफ्टवेअर) वापरतोय. क्रॅब नेब्युला सोपा आहे हो, ठिपक्यासारखा दिसतो, त्यामुळे त्याच कॅमेऱ्यात मध्यापासून तेवढ्याच अंतरावर बाकीचे गोल टाकून बॅकग्राउंड (स्रोताकडून न आलेल्या, मुख्यतः वैश्विक किरणांच्या नोंदी) मोजता येतं, पण हा अवशेष आकाशात साधारण १ अंश पसरलाय (म्हणजे पूर्ण चंद्राच्या दुप्पट!) आणि दुर्बीण त्याच्या केंद्रापासून अर्ध्या अंशावर रोखलेली असेल तर ती रोखलेली जागा जवळपास कवचातच पडते, मग आजूबाजूला रिकामे गोल बसणार कुठे?

रिंग पद्धतीने (प्रत्येक बिंदूभोवतीच्या कड्यातून बॅकग्राउंड घेऊन) नकाशा छान येतो, पण रिंगमध्ये कॅमेऱ्याची संवेदनशीलता सगळीकडे सारखी नसते, म्हणून स्पेक्ट्रमसाठी ती वापरायला मन धजत नाही. थ्रीडी मॉडेल फिट (आकाशातली जागा आणि ऊर्जा दोन्हींत स्रोत आणि बॅकग्राउंड एकत्र बसवणं) हाच उपाय का? आणि त्यात बॅकग्राउंडचा नॉर्म (एकूण पातळी) आणि टिल्ट (ऊर्जेनुसारचा उतार) प्रत्येक रनला (निरीक्षणाच्या सत्राला) मोकळा सोडायचा की सगळ्यांना एकच?

दुसरं म्हणजे, १० टीईव्हीच्या (टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) पुढे फोटॉन अगदी मोजके उरतात. तेवढ्यावरून हे गॅमा किरण इलेक्ट्रॉनच्या इन्व्हर्स कॉम्प्टनचे (वेगवान इलेक्ट्रॉनने कमी ऊर्जेच्या प्रकाशाला ऊर्जा देणं) की प्रोटॉनच्या टकरीतून झालेल्या पायॉन कणांच्या विघटनाचे, हे ठरवणं मला तरी धाडसाचं वाटतं. आयसी ४४३ या दुसऱ्या अवशेषात फर्मी या अवकाश दुर्बिणीला पायॉनची खूण कमी ऊर्जेलाच सापडली होती ना? मग इथेही फर्मीचे पॉइंट जोडून एकत्र फिट करू का, कोणी केलंय का असं?