पुरात भिजलेली १९६७ ची फोर्ड मस्टँग: आधी पत्रा, ब्रेक की इंजिन?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी १९६७ सालची फोर्ड मस्टँग आहे. थोरल्या काकांनी ती पूर्वी मुंबईहून आणली. तिची नोंद एमएच-१० मध्ये असून स्टिअरिंग मूळचेच, म्हणजे डावीकडे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. त्या वेळी ही गाडी गॅरेजमध्ये उभी होती आणि पाणी सीटपर्यंत चढले होते. पूर ओसरल्यावर एका ठिकाणी पत्रा ठोकून, लांबी (खड्डे बुजवायचा लेप) भरून वरून रंग मारून घेतला. आता दारांच्या खालच्या कडेला त्याच रंगाखाली फुगवटे आले आहेत. इंजिन तेव्हापासून सुरू केलेले नाही.

काका आज थकले आहेत, पण गाडीचा विषय निघाला की त्यांचा चेहरा खुलतो. त्यांना शेजारी बसवून ही गाडी साताऱ्यापर्यंत आणि जमल्यास खंबाटकी घाट ओलांडून पुण्यापर्यंत न्यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. घरातील तरुण मंडळींचे म्हणणे असे, की जुने २८९ घनइंची व्ही-८ काढून नवे ५.० लिटरचे कोयोटी इंजिन बसवावे, म्हणजे आजच्या गाड्यांच्या तोडीची ताकद मिळेल. पैसा टप्प्याटप्प्यानेच उभा राहणार असल्याने कोणत्या कामाला आधी हात घालावा आणि इंजिन बदलणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

अजिंक्यतारा (सातारा) यांचे उत्तर

कृष्णाकाठ, आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण पुरात बुडालेल्या गाड्या बहुतेक लोक भंगारात काढतात. माझे स्पष्ट मत आहे, की सध्या ताकदीचा विचार पूर्णपणे बाजूला ठेवावा आणि पहिला पैसा पत्र्यात घालावा. मस्टँगला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, पुढचे-मागचे पेटीसारखे आडवे-उभे भाग आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे सस्पेन्शनचे मनोरे हे सगळे एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले असून त्यांची मिळूनच गाडीची ताकद बनते. या पेट्या आतून पोकळ असतात. पुराचे पाणी त्यांत शिरते, पाणी निघून जाते आणि गाळ मात्र तळाशी बसून राहतो. असा गाळ वर्षानुवर्षे ओल धरतो आणि गंज आतून बाहेर येतो. आपल्याला दिसणारे फुगवटे हे त्या गंजाचे शेवटचे टोक आहे, सुरुवात नव्हे.

म्हणून आधी सीट, गालिचे आणि आतले सगळे अस्तर काढा, गाडी चार मजबूत स्टँडवर घ्या आणि लांबी संपूर्ण खरवडून काढायला सांगा. नंतर जाड टोच्याने तळाच्या प्रत्येक पेटीवर दाब देऊन पाहा. पत्रा निरोगी असेल तर टोचा घसरतो आणि कुजलेला असेल तर आत जातो. दाराच्या मागे-पुढे, जिथे तळाची पेटी दाराखालच्या पट्टीला मिळते, त्या कोपऱ्यांवर विशेष लक्ष द्या.

या पिढीच्या मस्टँगची आणखी एक जागा पुराशिवायही कुजते. पुढच्या काचेखाली हवा आत घेणारी जाळी असते आणि तिच्याखाली दोन पत्र्यांची बंद पन्हळ असते. झाडाचा पाला तिथे साठतो, पावसाचे पाणी अडते आणि शेवटी ते हीटरजवळून थेट पायांवर गळते. तपासणी अगदी सोपी आहे: एकाने तांब्याने जाळीत हळूहळू पाणी ओतावे आणि दुसऱ्याने डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन झोपावे. थेंब दिसला तर स्पॉट वेल्ड ड्रिलने उघडून वरचा पत्रा उचलल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. वरून सीलंट फासणारा भेटला तर त्याला नम्रपणे नकार द्या. साताऱ्याच्या पश्चिमेकडचा पाऊस सीलंटला दाद देत नाही.

पत्र्यानंतर ब्रेक. १९६७ ला दोन स्वतंत्र सर्किटांचा मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) मूळचाच आला, ही मोठी जमेची बाजू आहे, परंतु चारही चाकांना ड्रम असतील तर घाट उतरताना ते तापून निकामी होऊ लागतात. पुढे डिस्क बसवा. त्या काळात पुढच्या डिस्क कंपनीच्याच पर्यायांत मिळत असत, त्यामुळे गाडीच्या मूळ स्वरूपाला त्याने बाध येत नाही. डिस्कसाठी मास्टर सिलिंडर आणि मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह मात्र जुळणारेच घ्यावे लागतात, नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरते. पुरात राहिलेल्या ब्रेकच्या नळ्या आणि व्हील सिलिंडर तर डोळे मिटून बदला. चाकांचे बेअरिंगही तसेच.

स्टिअरिंगविषयी एकच सांगतो. मूळ अलाइनमेंट जुन्या बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या) टायरसाठी होते आणि त्यात कॅस्टर, म्हणजे पुढचे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे कललेला कोन, शून्याच्या जवळपास असे. आपण १४ इंची रेडिअल घालणारच, तर कॅस्टर अडीच-तीन अंश धन ठेवून घ्या. हायवेवर गाडी सरळ रेषेत धावू लागते आणि त्यासाठी एकही नवा भाग विकत घ्यावा लागत नाही.

लेथवाला (कुपवाड) यांचे उत्तर

वरील क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे. इंजिनाबद्दल थोडे लिहितो, कारण ते काम माझ्या रोजच्या हातातले आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणीही स्टार्टर मारून पाहू नका. आठही प्लग काढा, तळाचे ऑईल स्वच्छ भांड्यात सोडा आणि आधी पाणी येते की ऑईल, ते पाहा. प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल ओतून काही दिवस तसेच राहू द्या. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब पाना लावून हाताने, थोडे पुढे आणि थोडे मागे असे हलवा. जाम असेल तर जोर करू नका, हेड उतरवा. या इंजिनाचा बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ४ इंचाचा असून ०.०३० इंच मोठा करण्यास सहसा हरकत नसते. हे काम आमच्या एमआयडीसीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात उत्तम होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल आणि त्यात पाणी गेले असेल तर त्याच्या आतल्या फ्रिक्शन प्लेटचे अस्तर सुटते, म्हणून तो उघडल्याशिवाय गाडी चालवू नये. मागच्या ॲक्सलमध्येही हवेच्या छिद्रातून पाणी शिरते. तिथले ऑईल दुधाळ दिसले तर बेअरिंगसकट सगळे तपासावे लागेल.

हेड उतरवलेच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण पोलादाच्या सीट बसवून घ्या. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या सीटचे रक्षण करीत असे आणि आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० सालीच बंद झाले.

आता इथेनॉल. आपल्याच भागातल्या उसापासून तयार होणारे इथेनॉल आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के असते. त्याचा ऑक्टेन (इंजिनाचे ठोके रोखण्याचा गुण) चांगला आहे, त्यामुळे दोन बॅरलचा कार्बोरेटर असलेल्या २८९ च्या ९.३ कॉम्प्रेशनला ठोके येण्याची भीती कमी होते. परंतु जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधले रबर ते खाऊन टाकते, म्हणून हे सर्व इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजनही असल्याने कार्बोरेटरच्या मूळ जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पातळ होते. जेट थोडे मोठे करून प्लगचा रंग पाहत जुळवणी करावी लागते. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढते आणि टाकी तळापासून गंजते.

ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसणारा इलेक्ट्रॉनिक पिकअप, पंख्याभोवती पुरे आच्छादन आणि नवा जाड रेडिएटर एवढे केलेत तर मे महिन्यातही खंबाटकी चढताना तापमानाचा काटा जागेवर राहील. बाहेरून गाडी १९६७ चीच दिसेल.

कृष्णाकाठ

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. दारावरच्या पट्टीवरचा क्रमांक ७आर०१सी असा सुरू होतो. त्यावरून काही कळते का? आणि कोयोटीचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. घरी रोज त्यावर चर्चा होते.

वारणाकाठ (इस्लामपूर) यांचे उत्तर

७ म्हणजे १९६७, आर म्हणजे कॅलिफोर्नियातील सॅन होजेचा कारखाना, ०१ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप आणि सी म्हणजे दोन बॅरल कार्बोरेटरचे २८९. हाच क्रमांक डाव्या पुढच्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तो आणि आरसीवरचा क्रमांक जुळतो का, हे पत्र्याचे काम सुरू होण्यापूर्वी पाहा व त्याचे फोटो काढून ठेवा. वेल्डिंगच्या कामात तो भाग गेला तर पुढे आरटीओत सिद्ध करायला काही उरणार नाही.

कोयोटीला माझा ठाम विरोध आहे. ते इंजिन वरून इतके रुंद आहे, की सस्पेन्शनचे मनोरे कापून पुढचे सस्पेन्शनच बदलावे लागते. म्हणजे जो पत्रा आपण एवढ्या कष्टाने वाचवणार, तोच कापायचा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ कायम केला. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिची चासी, बॉडी व इंजिन मूळचे असावे लागते. अशा नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शने, रॅली, इंधन भरणे व देखभाल यांपुरतीच नेता येते. आपल्याला काकांना घेऊन पुण्याला जायचे असल्याने सध्याची एमएच-१० ची नोंद वैध ठेवणेच आपल्या सोयीचे आहे. डाव्या स्टिअरिंगमुळे कलम १२० प्रमाणे इशारा देणारी यंत्रणा चालू स्थितीत असावी लागते, म्हणून इंडिकेटरची वायरिंग ब्रेकसोबतच उरकून घ्या.

आकड्यांनीही फसू नये. २८९ ची २०० अश्वशक्ती ही तेव्हाच्या ग्रॉस पद्धतीने, म्हणजे गाडीवरचा सायलेन्सर व इतर जोडण्या न लावता मोजलेली आहे. तरीही एवढ्या हलक्या गाडीला ती भरपूर आहे. आपल्याकडे पाच गिअरच्या गिअरबॉक्सचा आग्रह धरणारेही भेटतील. आधी मागच्या ॲक्सलवरची छोटी पत्र्याची पट्टी वाचा. तिच्यावर २.८० चे गुणोत्तर असेल तर ताशी १०० किमीच्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २,३०० फेऱ्यांवरच फिरते आणि ओव्हरड्राइव्हवर (इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणाऱ्या जास्तीच्या गिअरवर) खर्च करण्याचे कारण उरत नाही. ३.२५ निघाले तरच त्याचा विचार करा आणि तोही पत्रा, ब्रेक व इंजिन पूर्ण झाल्यानंतर.