मदत हवी आहे: समचलनाची (एक राशी जितक्या पट, दुसरीही तितक्याच पट) शाब्दिक उदाहरणं नुसती वाचून कशी ओळखायची?

भाची आठवीत आहे, मालवणात, मराठी माध्यम. साधी उदाहरणं तिला येतात: ६ डझन हापूसचे ४२०० रुपये, तर १० डझनांचे किती? स्थिरांक ७००, उत्तर ७०००.

घोडं अडतं पुढे. 'पडणाऱ्या वस्तूने कापलेलं अंतर वेळेच्या वर्गाच्या समचलनात असतं. १ सेकंदात ५ मीटर, तर ३ सेकंदांत किती?' ती १५ लिहून मोकळी होते. ४५ का, ते समजावलं, पटलंही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा १५!

मग मीच एक घातलं: होडीचं भाडं ४ जणांना ५०० रुपये, १० जणांना ८००. भागाकार १२५ आणि ८०, म्हणजे समचलन नाहीच (३०० ठरलेले, वर माणशी ५०). ती म्हणते, "पण मामा, दोन्ही वाढतत मा!" आता यावर काय बोलणार?

कोष्टक करून झालं. आलेख आरंभबिंदूतून जाणारी रेषा हवा, हे तिला पाठ आहे, पण परीक्षेत तेवढा वेळ कुठला. व्यस्तचलन (एक दुप्पट, तर दुसरं निम्मं) सध्या बाजूला ठेवलंय. व्हिडिओ नकोत, नेटची रड आहे.

आकडेमोडीला हात लावण्याआधी, फक्त वाक्यावरून समचलन आहे की नाही, आणि साधं की वर्गाचं, हे ओळखायला तुम्ही मुलांना काय विचारायला लावता?