'ऑन', 'पागडी' की 'वर्णी'? मोजक्या निघणाऱ्या गाड्या आणि त्यांच्या किमतीचे शब्द

प्रश्न:
डेट्रॉइटजवळ राहतो. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मोजक्या संख्येने निघणाऱ्या स्पोर्ट्स कारवर लेख लिहायला घेतलाय. कंपनी जी किंमत जाहीर करते त्या किमतीला या गाड्या सहसा मिळतच नाहीत, हा लेखाचा विषय. तीन शब्दांपाशी अडलोय: 'एमएसआरपी' (कंपनीने जाहीर केलेली ती किंमत), त्यावर डीलर चढवतो तो 'मार्कअप' आणि 'अलोकेशन मिळणे' (मोजक्या गाड्यांतली एक आपल्या वाट्याला येणे). सध्या 'एमआरपी', 'काळा बाजार' आणि 'नंबर लागणे' असं लिहिलंय, पण तिन्ही खटकताहेत.

प्रतिसाद:
एमआरपी मुळीच नको, वाचकाची दिशाभूल होईल. आपल्याकडे ती कमाल किंमत. पाकिटावर छापलंय त्याहून रुपया जास्त घेतला तरी दुकानदारावर कारवाई होऊ शकते. अमेरिकेतल्या 'एमएसआरपी'मधला 'एस' आहे 'सजेस्टेड'चा, म्हणजे 'सुचवलेली'. तिथे 1958 च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीची किंमत छापलेला कागद लावावा लागतो. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांनी तो कायदा आणला, म्हणून त्या कागदालाही त्यांचंच नाव पडलं. पण कायदा एवढंच सांगतो की किंमत दाखवा. त्याच किमतीला विका, असं तो सांगत नाही. डीलर हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र व्यापारी असतो.

मग होतं काय, तर त्या कागदाशेजारी डीलर स्वतःचा दुसरा कागद चिकटवतो. त्यात रंगावरच्या संरक्षक थराचे इतके, टायरमधल्या नायट्रोजनचे इतके, आणि खाली 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट' म्हणून एक आकडा. वरच्या ओळींच्या बदल्यात निदान काहीतरी मिळतं. खालच्या ओळीच्या बदल्यात काहीच मिळत नाही, फक्त गाडी आपल्याला विकली जाते. 'कंपनीने सुचवलेली किंमत' असं सरळ लिहा. लांबलचक आहे, पण सगळी गोम 'सुचवलेली' याच शब्दात आहे.

प्रतिसाद:
मार्कअपला 'ऑन' हा अस्सल शब्द आपल्याकडे आहे. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे थांबायचे त्या काळात 'ऑन देऊन घेतली' हे वाक्य घराघरांत ऐकू यायचं. 'काळा बाजार' इथे चुकीचा, कारण डीलरच्या दुसऱ्या कागदावरचे पैसे पावतीवर येतात, चोरीछुपे काही नाही. ऑन मात्र पावतीवर असो वा नसो, ऑनच.

प्रतिसाद:
डीलरपुरतं 'ऑन' मान्य. पण पोर्शे, फेरारीच्या खास गाड्यांचं गणित निराळं असतं. तिथे वरचे पैसे देऊनही दार उघडेल असं नाही. आधी त्याच ब्रँडच्या चार गाड्या, त्याही डीलरला खपवायच्या असतील त्या, घेतलेल्या असाव्या लागतात. हे मला पागडीच्या जवळचं वाटतं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईत भाडं गोठलं, आणि जागेची खरी किंमत पागडीच्या वाटेने वसूल होऊ लागली. भाडं कागदावर तेवढंच, आत शिरण्याचं मोल वेगळं. फेरारी सुचवलेल्या किमतीलाच मिळते, पण त्याआधी घेतलेल्या गाड्यांवर जो तोटा सोसला ती पागडी.

प्रतिसाद:
पागडीची कल्पना पटली, फक्त एक दुरुस्ती. पागडीवाला हक्क पुढे विकू शकतो, घरमालकाचा वाटा देऊन का होईना. फोर्डने 2017 च्या फोर्ड जीटीला दोन वर्षं विकायची नाही अशी अट घातली होती. पहिल्या 500 गाड्यांसाठी साडेसहा हजार अर्ज आले होते, आणि कोणाला द्यायची ते कंपनी स्वतः ठरवत होती. कुस्तीगीर-अभिनेता जॉन सीनाने ती लगेच विकली, तेव्हा फोर्डने त्याच्यावर दावा लावला. 2018 मध्ये तो आपसांत मिटला. याला आपल्या सातबाऱ्यावरचा शब्द चपखल बसतो: 'नवीन शर्त'. जमीन तुमच्या नावावर, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. 'नवीन शर्तीची गाडी' म्हटलं की गावाकडच्या कोणालाही एका क्षणात कळेल. शेव्हरोलेने मात्र कॉर्वेट झेड06 च्या वेळी आमिषही दाखवलं: वर्षभर गाडी ठेवणाऱ्याला पाच लाख रिवॉर्ड पॉइंट.

प्रतिसाद:
तिसऱ्या शब्दाबद्दल कोणीच बोललं नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'नंबर लागणे' यात रांग गृहीत आहे: आधी येईल त्याला आधी. इथे रांगच नाही. यादी असते, पण ती क्रमाने सरकत नाही, तीत कोणाला वर घ्यायचं ते डीलर ठरवतो. त्यासाठी 'वर्णी लागणे' लिहा. अनुष्ठानासाठी ब्राह्मण नेमणे ती वर्णी. आता मंत्रिमंडळात किंवा महामंडळावर लागते तीही तीच. दोन्हीकडे निवडणारा कोणीतरी असतो.

2016 ची पोर्शे 911 आर घ्या. एकूण 991 गाड्या, अमेरिकेत सुचवलेली किंमत 1,84,900 डॉलर. मागे पंख (विंग) नाही, हाताने बदलायचे गिअर. गाडी चालवण्यावर प्रेम करणाऱ्या माणसासाठीच बनवलेली. वर्णी आधी लागली ती पोर्शेचीच महागडी 918 स्पायडर घेतलेल्या गिऱ्हाइकांची. काही महिन्यांत त्याच गाड्या दुपटीहून जास्त किमतीला बाजारात आल्या. ज्याला खरोखर चालवायची होती तो बाहेरच राहिला, आणि याचा मला मनापासून राग आहे. पुढच्या वर्षी पोर्शेने तसेच गिअर असलेली, संख्येची मर्यादा नसलेली 911 जीटी3 टूरिंग काढली, तेव्हा कुठे 911 आरचे भाव खाली आले. ऑन उतरवायचा हाच खरा उपाय. अटी-शर्तींपेक्षा चार गाड्या जास्त बनवा. पण 2023 च्या 911 एस/टी ला पुन्हा 1,963 चा आकडा ठरला, आणि अमेरिकेत ती पहिलं वर्ष भाडेकरारानेच दिली, म्हणजे विकायला मालकीच नको.

प्रश्नकर्ता:
'सुचवलेली किंमत', 'ऑन', 'नवीन शर्त' आणि 'वर्णी' हे चारही घेतो. 'पागडी' फेरारीच्या परिच्छेदात ठेवतो. आता राहिला 'फ्लिपर', म्हणजे गाडी घेऊन लगेच चढ्या भावाने विकणारा. 'पलटी मारणारा' लिहिलं होतं, पण गाडीच्या लेखात पलटी म्हणजे अपघात वाटतो.

प्रतिसाद:
'ऑनवर विकणारा' लिहा. नवा शब्द लागत नाही.